सुरू झालेला डेटाबेस बरोबर असेलच असं नाही: ट्रान्झॅक्शन लॉग बिघडल्यावर काय करायचं

रात्री वीज गेली, ऐनवेळी यूपीएसने दगा दिला आणि सकाळी पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर काही केल्या उठेना. सर्व्हरच्या संदेशांत शेवटची ओळ अशी: 'पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड'. ही ओळ इंटरनेटवर टाकली की दोन मिनिटांत रामबाण उपाय सापडतो. पीजी_रीसेटवॉल नावाची एक कमांड मारायची, डेटाबेस चालू. आणि तो खरंच चालू होतो, हीच त्यातली मेख आहे. ती कमांड डेटा दुरुस्त करत नाही. डेटा कुठे अर्धवट राहिलाय हे सांगू शकणाऱ्या फाइली ती पुसून टाकते आणि कोरी पाटी मांडून देते. त्यानंतर स्क्रीनवर दिसणारी बाकी खरी की खोटी, हे डेटाबेसला स्वतःलाही माहीत नसतं.

हे का, ते कळायला लॉग म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, घडला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग सवडीने एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावायची. डेटाबेस अगदी हेच करतो. टेबलं आणि इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या सूची) ही त्याची खतावणी; पोस्टग्रेसमध्ये ती ८ केबीच्या पानांत मांडलेली असते. कीर्द म्हणजे राइट-अहेड लॉग, ज्याला सगळे नुसतं 'वॉल' म्हणतात. तुम्ही कमिट (व्यवहार पक्का करा) म्हटलंत की सर्व्हर फक्त कीर्द डिस्कवर पक्की उतरली एवढंच पाहतो आणि 'झालं' असं उत्तर देतो. बदललेली पानं अजून मेमरीतच असतात. ती नंतर, जमेल तशी डिस्कवर जातात. पानं डिस्कभर विखुरलेली असतात, कीर्दीत मात्र फक्त शेवटी लिहायचं असतं, म्हणून हा मार्ग वेगाचा.

थोडक्यात, वीज जाते त्या क्षणी डिस्कवरची खतावणी नेहमीच अर्धवट असते. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. तिला पूर्ण करणारी माहिती फक्त कीर्दीत असते.

या शिस्तीवरचा सगळ्यात गाजलेला शोधनिबंध १९९२ सालचा. आयबीएममधले सी. मोहन (मूळचे मद्रास आयआयटीचे) आणि त्यांचे सहकारी यांनी 'एरीज' नावाची पद्धत त्यात मांडली: आधी लॉग वाचून परिस्थितीचा अंदाज घ्यायचा, मग घडलेलं सगळं पुन्हा करायचं, मग अपुरे व्यवहार उलटवायचे. पोस्टग्रेसमध्ये वॉल २००१ साली ७.१ आवृत्तीत आला. त्यात तिसरी पायरी लागत नाही, कारण ओळीची जुनी प्रत टेबलातच राहते. अपुऱ्या व्यवहाराची नवी प्रत फक्त कोणाला दाखवायची नाही, एवढंच करावं लागतं.

दर काही वेळाने सर्व्हर चेकपॉइंट घेतो. मूळ सेटिंग असेल तर पाच मिनिटांनी, किंवा वॉलचा साठा १ जीबीच्या आसपास जायला लागला की त्याआधीच. चेकपॉइंट झाला म्हणजे त्याच्या आरंभापर्यंतची सगळी कीर्द खतावून झाली. तो लॉगमध्ये कुठे आहे, हा पत्ता पीजी_कंट्रोल नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतो. सर्व्हर पडून उठला की ही फाइल वाचतो, त्या पत्त्यावर जातो आणि त्या चेकपॉइंटच्या आरंभापासूनची नोंदन्‌नोंद पानांवर पुन्हा चढवतो. सुरुवातीला दिलेला पॅनिक याच जागचा आहे: पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर वाचण्यासारखी नोंद नाही.

आता एक नोंद जवळून पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. वॉलच्या प्रत्येक नोंदीला २४ बाइटचा मथळा असतो. त्यात नोंदीची एकूण लांबी, ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, आधीची नोंद कुठे होती तिचा पत्ता, बदल कोणत्या प्रकारचा ते सांगणारे दोन बाइट, आणि शेवटी चार बाइटचा सीआरसी, म्हणजे मजकूर तसाच आहे ना हे तपासायची बेरीज. 'आधीच्या नोंदीचा पत्ता' बिनकामाचा वाटतो, पण तो फार हुशारीने ठेवलाय. पोस्टग्रेस १६ एमबीच्या जुन्या लॉग फाइली फेकून न देता नवं नाव देऊन पुन्हा वापरतो. त्यामुळे ताज्या नोंदी जिथे संपतात, त्याच्या पुढे त्याच फाइलमध्ये जुन्या, सीआरसीने शंभर टक्के बरोबर असलेल्या नोंदी पडलेल्या असू शकतात. मागचा पत्ता जुळत नाही, यावरून सर्व्हरला कळतं की आपली कीर्द इथे संपली.

म्हणजे सर्व्हरसाठी लॉगचा शेवट म्हणजे काय? पहिली न जुळणारी नोंद. व्यवस्थित सावरलेल्या सर्व्हरच्या संदेशांतही 'इनव्हॅलिड रेकॉर्ड लेंथ, वॉन्टेड २४, गॉट ०' अशी ओळ येते आणि नवखा माणूस घाबरतो. तिच्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. चोवीस बाइटचा मथळा शोधला, शून्य मिळालं, म्हणजे पुढे कोरं.

खरी भीती वेगळीच आहे. लॉगचा शेवट फाटला असेल तर गेले फक्त ते व्यवहार, ज्यांना कमिटचं उत्तर मिळालंच नव्हतं. पण मधलीच एखादी नोंद खराब झाली असेल, तर पडलेला सर्व्हर स्वतःहून उठताना या दोन परिस्थितींत फरक करू शकत नाही. त्याला पहिली न जुळणारी नोंद दिसते, तो तिलाच शेवट समजतो, आणि पुढच्या हजारो शाबूत नोंदी न वाचता दार उघडतो. कधीकधी चाहूल लागते: एखाद्या पानावर लिहिलेला लॉगचा पत्ता सर्व्हरच्या समजुतीतल्या शेवटाच्याही पुढचा निघतो आणि 'एक्सलॉग फ्लश रिक्वेस्ट इज नॉट सॅटिस्फाइड' अशी तक्रार येते. ती ओळ दिसली तर डेटाबेस चालू असला तरी काम थांबवा. खतावणीत एक नोंद अशी आहे जी कीर्दीत नाही, असं ती सांगते आहे.

मग मधली एक खराब नोंद ओलांडून पुढचं का चढवता येत नाही? लोकांना हे फार खटकतं. पण वॉलमधली नोंद 'अमुकच्या खात्यातून पाच हजार वजा' अशी नसते. ती 'अमुक फाइलच्या अमुक पानावर, अमुक जागी हे बाइट ठेवा' अशी असते आणि पान आधीच्या नोंदीने सोडलेल्या स्थितीत आहे असं धरून चालते. मधली एक गाळली की पुढच्या सगळ्या चुकीच्या पायावर उभ्या राहतात. म्हणून पोस्टग्रेसमध्ये तशी सोय ठेवलेलीच नाही. आणखी एक गोष्ट लॉगबरोबर जाते. चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की वॉलमध्ये त्या अख्ख्या पानाची प्रत लिहिली जाते, कारण ८ केबीचं पान डिस्कवर जाताना निम्मं नवं, निम्मं जुनं असं अडकू शकतं. लॉग गेला की अशी फाटकी पानं सांधायचं साधनही गेलं.

लॉग बिघडतो कशाने? डिस्कने खोटं बोलणं हे एक कारण: स्वस्त एसएसडी किंवा बॅटरी मेलेलं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) 'लिहिलं' म्हणतं आणि मजकूर अजून कॅशमध्येच असतो. चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर सरळ कॉपी करून त्यालाच बॅकअप म्हणणं, हे दुसरं. डेटा एका व्हॉल्यूमवर, वॉल दुसऱ्या, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या जशाच्या तशा प्रती) काही सेकंदांच्या अंतराने घेतलेले, हे तिसरं. पण सगळ्यात नेहमीचं कारण माणूस. डिस्क भरते, कोणीतरी 'लॉग' नावाचा फुगलेला फोल्डर पाहतो आणि जुने संदेश असतील म्हणून आतल्या फाइली उडवतो. हे इतक्या वेळा घडलं की २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग बदलून पीजी_वॉल केलं गेलं.

२०१८ मध्ये तर याहून चमत्कारिक गोष्ट उघडकीला आली. डिस्कवर पक्कं लिहून घेण्याची विनंती, म्हणजे एफसिंक, एकदा फसली की लिनक्स त्रुटी कळवत असे, पण न लिहिलेली पानं 'लिहिलेली' अशी खूण करून सोडून देऊ शकत असे. पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करी, या वेळी उत्तर येई 'ठीक आहे', चेकपॉइंट पुरा होई आणि ज्या लॉगमधून ती पानं परत घडवता आली असती तो लॉग निवांत टाकून दिला जाई. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक एकदा जरी फसला तरी मुद्दाम पॅनिक होऊन पडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. मला हा निर्णय फार आवडतो. सर्व्हर पडणं दर वेळी वाईटच असतं असं नाही.

आता हात कुठे घालायचा

सर्वांत आधी कुठेच नाही. सर्व्हर बंद ठेवा आणि अख्खा डेटा फोल्डर, त्यातल्या लिंकांनी जोडलेल्या टेबलस्पेससकट (डेटाच्या दुसरीकडे ठेवलेल्या फोल्डरांसकट), दुसऱ्या डिस्कवर जसाच्या तसा उतरवून घ्या. पाचशे जीबी असला तरी. साहेब मागे उभे राहून 'किती वेळ?' विचारत असले तरी. यापुढचा प्रत्येक प्रयोग प्रतीवर करायचा, मूळ फोल्डरला शिवायचं नाही. ही पायरी गाळल्यामुळे सुधारता आला असता तो डेटाबेस कायमचा गेला, असं या धंद्यात वारंवार होतं.

मग संदेश नीट वाचा. नुकताच बॅकअपवरून उभा केला असेल आणि चेकपॉइंट सापडत नाही म्हणत असेल, तर बहुधा लॉग बिघडलेला नसून अपुरा आहे. अशा वेळी सर्व्हरच एक इशारा देतो: बॅकअपवरून आणत नसाल तर बॅकअप_लेबल ही फाइल काढून बघा, पण बॅकअपवरून आणत असाल आणि ती काढलीत तर डेटाबेस बिघडेल. वाचणारे पहिला अर्धा भाग वाचतात, फाइल काढतात, डेटाबेस सुरू होतो, आणि बिघाड काही आठवड्यांनी कधीतरी वर येतो.

त्यानंतर हरवलेली फाइल शोधायची. वॉलच्या फाइलचं नाव २४ अक्षरी असतं, उदाहरणार्थ ०००००००१००००००००००००००४२, आणि संदेशात नेमकी कोणती हवी ते असतं. ती आर्काइव्हमध्ये (वॉल फाइलींच्या वेगळ्या जपलेल्या साठ्यात) असू शकते, स्टँडबाय सर्व्हरच्या (लॉग सतत घेत राहणाऱ्या राखीव जोडीदाराच्या) पीजी_वॉलमध्ये असू शकते, किंवा जागा करायला ज्याने 'जरा बाजूला ठेवली' त्याच्या होम फोल्डरमध्ये. (त्याला रागावू नका, फाइल मिळेपर्यंत तरी.)

स्टँडबाय असेल तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. त्याला लॉग नेटवर्कवरून आलेला असतो, त्यामुळे मुख्य सर्व्हरच्या डिस्कने केलेला घोळ सहसा तिकडे पोचत नाही. त्याला मुख्य करा. प्रतिकृती असिंक्रोनस (मुख्य सर्व्हर तिची वाट पाहत थांबत नाही अशी) असेल तर शेवटचे थोडे व्यवहार नसतील, हे हिशेबात धरा. स्टँडबाय नसेल, पण जुना पूर्ण बॅकअप आणि तिथून पुढचा सलग आर्काइव्ह असेल, तर बॅकअप मांडून त्यावर लॉग चढवत खराब नोंदीच्या अलीकडच्या क्षणापर्यंत यायचं. मिळेल तो डेटा अपुरा असेल, पण आतून सुसंगत असेल. माझ्या मते काल दुपारी चारपर्यंतचा बरोबर डेटाबेस हा आजपर्यंतच्या संशयास्पद डेटाबेसपेक्षा केव्हाही बरा. शेवटचे तास माणसं कागदावरून भरू शकतात. कुठे काय चुकलंय हेच माहीत नसेल तर भरायचं काय?

खराब नोंदीच्या पुढचा लॉगही वाया जात नाही. पीजी_वॉलडंप या साधनाला पुढच्या फाइलपासून सुरू करायला सांगितलं की ते पहिली धड नोंद शोधून तिथून वाचायला लागतं. त्यातून एसक्यूएल मिळत नाही, पण किती ट्रान्झॅक्शन कमिट झाली, किती वाजता, कोणत्या टेबलांच्या फाइलींना हात लागला हे दिसतं. काय हरवलंय त्याची यादी करायला एवढं पुष्कळ आहे.

रीसेट: शेवटचा, आणि फक्त डेटा बाहेर काढण्यासाठी

यातलं काहीच हाती नसेल तरच पीजी_रीसेटवॉल. सर्व्हर नीट बंद झालेला नसेल तर ही कमांड साधेपणी चालवली की नकार देते, 'डेटा जाऊ शकतो' म्हणते आणि तरीही हवं असेल तर जबरदस्तीचा पर्याय सांगते. तो वापरला की काय होतं ते एका हस्तांतरावर पाहू. रमाच्या खात्यातून पाच हजार वजा, सुरेशच्या खात्यात पाच हजार जमा, एकच ट्रान्झॅक्शन, कमिट झालेलं. रमाचं पान डिस्कवर पोचलं होतं, सुरेशचं मेमरीत होतं. लॉगवरून सुरेशचं पान पुरं झालं असतं, लॉग पुसला. आता रमाचे पैसे गेलेत आणि सुरेशला मिळालेले नाहीत, आणि डेटाबेस तुम्हाला हे अगदी शांतपणे दाखवतो. इंडेक्सचंही असंच: टेबलात ओळ आहे, इंडेक्समध्ये नाही, म्हणून एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला की दोन उत्तरं.

याहून छुपा धोका ट्रान्झॅक्शन क्रमांकांचा. प्रत्येक ओळीवर ती घालणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक असतो आणि ते कमिट झालं की रद्द, हे पीजी_एक्सॅक्ट फोल्डरमध्ये दोन बिटांत लिहिलेलं असतं. समजा चेकपॉइंटच्या वेळी क्रमांक ५०,००० पर्यंत वाटून झाले होते आणि सर्व्हर पडला तेव्हा ५०,४०० पर्यंत गेले होते. रीसेट पीजी_कंट्रोलवर विसंबतो आणि पुढचा क्रमांक पुन्हा ५०,००१ धरतो. आता नव्याने आलेलं ५०,२१० क्रमांकाचं ट्रान्झॅक्शन कमिट झालं की जुन्या ५०,२१० ने डिस्कवर सोडलेली अर्धवट ओळही 'कमिट झालेली' ठरते. जुनं ट्रान्झॅक्शन कदाचित रद्द झालेलं असेल. मेलेला व्यवहार असा भलत्याच्या नावावर जिवंत होतो. म्हणून पुढचा क्रमांक हाताने द्यायचा असतो: पीजी_एक्सॅक्टमधल्या सर्वांत मोठ्या नावाची फाइल घ्या (नाव षोडशमान पद्धतीत असतं), त्यात एक मिळवा, १०,४८,५७६ ने गुणा.

रीसेटनंतर ॲप्लिकेशनला दार बंद ठेवायचं, काहीही लिहू द्यायचं नाही, लगेच पीजी_डंपने सगळा डेटा बाहेर काढायचा आणि नव्याने तयार केलेल्या कोऱ्या क्लस्टरमध्ये (वेगळ्या डेटा फोल्डरच्या नव्या पोस्टग्रेसमध्ये) तो डंप भरायचा. भरताना युनिक की (एकच मूल्य दोनदा नको) किंवा फॉरेन की (जोडलेली ओळ दुसऱ्या टेबलात हवीच) अडली तर चिडू नका. बिघाड कुठे आहे ते तिथेच पहिल्यांदा नेमकं कळतं. तो रीसेट केलेला फोल्डर मात्र पुन्हा कामाला लावायचा नाही. 'चाललंय ना, मग राहू दे' या वाक्यावर अनेक कचेऱ्या वर्षानुवर्षं चालतात.

दुसऱ्या डेटाबेसांत नावं बदलतात, तर्क हाच. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात सक्तीच्या सुरुवातीची एक ते सहा अशी चढती पातळी असते. चारपासून पुढे डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात आणि सहावर लॉग चढवलाच जात नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इमर्जन्सी मोड आणि नावातच 'डेटा गेला तरी चालेल' असं कबूल करणारी दुरुस्ती आहे. तिथे सस्पेक्ट झालेला (सर्व्हरने संशयित ठरवलेला) डेटाबेस डिटॅच करू नका, म्हणजे सर्व्हरपासून सोडवू नका. परत जोडताना तो बहुधा घेतलाच जात नाही.

घाईत काय होतं याचं जाहीर उदाहरण प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा दुय्यम डेटाबेस मागे पडला. त्याला हवे होते ते वॉल मुख्य सर्व्हरने आधीच काढून टाकले होते आणि वॉलचं आर्काइव्ह चालू नव्हतं. म्हणून दुय्यम पुन्हा पहिल्यापासून उभा करायचं ठरलं. त्या झटापटीत रात्री उशिरा डेटा फोल्डर पुसला गेला तो मुख्य सर्व्हरवरचा. चूक एकदोन सेकंदांत लक्षात आली, पण सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. रोजचे डंप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीचेच फसत होते आणि ते कोणाला कळलं नव्हतं. वाचवलं ते सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून तपशीलवार छापलं.

डेटाबेस उभा राहिल्यावर खरं काम हिशेब जुळवण्याचं असतं, आणि ते डेटाबेसच्या बाहेरच्या पुराव्यावर करावं लागतं: बँकेची स्टेटमेंट, पेमेंट गेटवेचे अहवाल, यूपीआय व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक, ग्राहकांना गेलेले मेल. इथे एक गोष्ट हटकून घोळ घालते. सर्व्हर पडून अगदी व्यवस्थित सावरला तरी पावतीच्या क्रमांकांत बत्तीसपर्यंतची फट पडू शकते, कारण पोस्टग्रेस सीक्वेन्सचे (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या गणकाचे) ३२ क्रमांक लॉगमध्ये आगाऊ नोंदवून ठेवतो. अशी फट म्हणजे ओळी हरवल्या असं नाही. जीएसटीच्या बिलांना सलग क्रमांक लागतात, म्हणून ते थेट सीक्वेन्सवर सोडूच नयेत. रीसेटनंतर मात्र उलटं होतं: सीक्वेन्स मागे सरकतो आणि आधीच दिलेला क्रमांक दुसऱ्याला पुन्हा देतो. तेव्हा डंप भरून झाला की प्रत्येक सीक्वेन्स त्याच्या टेबलातल्या मोठ्यात मोठ्या क्रमांकाच्या पुढे न्या, बाहेर गेलेल्या पावत्यांतला सर्वांत मोठा क्रमांक कोणता तेही पाहा, आणि मगच ॲप्लिकेशनला दार उघडा.